घाट सुरू

ओतूर सोडून कल्याणच्या वाटेला लागलं, मढ मागं पडलं, की रस्त्याच्या कडेला पाटी येते : 'घाट सुरू. वाहने सावकाश चालवा.' खाली तेच इंग्रजीत; फक्त तिथं घाटाला 'सेक्शन' असं एक शेपूट जोडलेलं. ही पाटी वाचायची नसतेच. ड्रायव्हर ती बघून गिअर बदलतो, मागच्या सीटवरचं कोणीतरी चिंचेची गोळी तोंडात टाकतं, आया पोरांना खिडकीपासून आत ओढतात. माळशेज आला, एवढं सगळ्यांना कळतं आणि तेवढं पुरतं.

त्या दिवशी मात्र गाडीत पाटी वाचणारं माणूस होतं. पुण्यात आमच्या शेजारी भाड्यानं राहणारी तैवानची मुलगी. पाली शिकायला आलेली, म्हणून लेणी बघायला आमच्याबरोबर जुन्नरला आली होती. सकाळी लेण्याद्री झाली, दुपारी धुकं बघायला माळशेजकडे निघालो होतो. पाटी मागं गेल्यावर तिनं मान वळवून पुन्हा बघितलं आणि विचारलं, "काका, पायऱ्या कुठं आहेत?" वाक्य इंग्रजीत, 'काका' तेवढं मराठीत. ती वाराणसीला जाऊन आलेली होती. तिच्या लेखी घाट म्हणजे गंगेत उतरणाऱ्या पायऱ्या, दिवे, बोटी, आणि पलीकडे धूर. इथं ना नदी, ना पायरी. होता तो कातळ, आणि त्यावरून येणारं पाणी थेट गाडीच्या टपावर.

तिला एक सवय आहे. कुठल्याशा इंग्रजीच्या परीक्षेसाठी अवघड नामांची यादी केलेली एक वही ती जवळ बाळगते. प्रत्येक नामापुढं चिनी अर्थ, मग एक वाक्य, मग ते नाम मोजता येतं की नाही. 'घाट' त्या वहीत आधीच होता, कारण इंग्रजी कोशांनी तो केव्हाच आपला मानला आहे. तिनं फोनमधला इंग्रजी-चिनी कोश उघडून मला दाखवला. एक अर्थ नदीकाठच्या पायऱ्यांचा. त्याला चिनीत म्हणतात 'हो-थान', म्हणजे नदीची वेदी. दुसरा अर्थ पर्वतरांगेचा, अनेकवचनी. पश्चिम घाटाचं चिनी नाव 'शी काओ-ची शान-माय'. ती एकेका अक्षराचं बोट धरून सांगू लागली. शी म्हणजे पश्चिम. काओ म्हणजे उंच. ची म्हणजे थांब. शान-माय म्हणजे डोंगराची नाडी, अंगात असते तशी.

मधली दोन अक्षरं अर्थासाठी नाहीत, आवाजासाठी आहेत, हे तिनं लगेच स्पष्ट केलं. इंग्रजी 'घाट्स' चिनी तोंडात बसवताना जवळचे दोन आवाज उचलले, इतकंच. पण चिनी लिपीत नुसता आवाज लिहायची सोय नाही. अक्षर घ्यावं लागतं, आणि अक्षर आलं की त्याच्यामागून त्याचा अर्थ चालत येतो. त्यामुळं तैपेईच्या शाळेत भूगोलाचा नकाशा बघणाऱ्या पोराला आमच्या डोंगरात 'उंच' आणि 'थांब' दिसत असणार. मला हसू आलं आणि मग थोडं विचित्रही वाटलं. कारण त्या पोराला वाराणसीच्या पायऱ्या आणि हा डोंगर यांचा काही संबंध असेल, अशी शंकाही यायचं कारण नाही. एका नामाची दोन नामं झाली आणि दोघांची गाठ सुटली.

चिनी व्याकरणाची आणखी एक गंमत तिनं सांगितली. तिथं नुसतं 'एक डोंगर', 'दोन रस्ते' म्हणत नाहीत. संख्या आणि वस्तू यांच्या मध्ये मोजमापाचा एक शब्द घालावा लागतो, आणि तो वस्तूच्या रूपावर ठरतो. एका जागी ठाण मांडून बसलेल्या डोंगराला एक शब्द. लांबच लांब जाणाऱ्या गोष्टींना दुसरा, 'थ्याओ'. नदी थ्याओ, रस्ता थ्याओ, मासासुद्धा थ्याओ. पायरीला तिसराच. "मग तुमच्या घाटाला कुठला लावू?" ती पेन हातात धरून विचारत होती. मी म्हटलं, रस्त्याचा लाव. ती म्हणाली, पर्वतरांगेलाही थ्याओ चालतो, ती लांब असते ना. म्हणजे कोशानं घाटाचा डोंगर केला तरी व्याकरणात रस्ता शाबूत राहिला होता. हे बरं झालं, असं मला उगीचच वाटलं.

माझी आजी घाटाखालची, मुरबाडकडची. लग्न होऊन आहुप्याच्या घाटानं वर आंबेगावात आली. 'पश्चिम घाट' हा शब्द तिच्या तोंडी कधी आला नाही, 'सह्याद्री'ही नाही. उंच असेल त्याला ती डोंगर म्हणे, उभ्या कातळाला कडा, पाणी उतरतं ती नाळ, आणि माणूस उतरतो तो घाट. या चार गोष्टींची तिच्या बोलण्यात कधी सरमिसळ झाली नाही. होऊन चालणारच नव्हतं. कड्याला घाट समजणारा माणूस संध्याकाळी घरी पोचत नाही. घाटाला तिच्या लेखी नेहमी दोन गावं असत, एक वरचं आणि एक खालचं. आहुपे वर, खोपिवली खाली. घाटघर वर, वैशाखरे खाली. आंबोलीवरून दाऱ्या घाट उतरतो, भीमाशंकरहून शिडी घाट आणि गणेश घाट. घाटमाथ्यावरच्या महादेव कोळ्यांच्या सोयरिकी दोन्हीकडे. हिरड्याचं ओझं, नाचणीची पिशवी, आजारी माणसाची डोली, नवी नवरी, सगळं त्याच वाटांनी. पौष पौर्णिमेला वर नागापूरच्या थापलिंगावर खंडोबाची जत्रा भरते आणि त्याच पौर्णिमेला खाली म्हशाची. कुठल्या जत्रेला जायचं यावर आमच्या घरात दरवर्षी वाद व्हायचा. आजीचं मत नेहमी खाली पडे, दोन्ही अर्थांनी.

मग वाटेचा डोंगर झाला कधी? याचं उत्तर बहुतेक समुद्रातून आलं. पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारूश यानं सोळाव्या शतकाच्या मध्यावर लिहून ठेवलं की या देशात निसर्गानं एक डोंगरांची ओळ मांडली आहे, तिला स्वतःचं असं नाव नाही, इथले लोक तिला 'गाटे' म्हणतात आणि त्याचा अर्थ डोंगररांग असा होतो. पुढं 1886 साली यूल आणि बर्नेल यांचा हॉब्सन-जॉब्सन हा कोश निघाला. त्यात या गैरसमजाचा उलगडा नीट केला आहे. परक्यांच्या कानावर सारखं 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असं पडत राहिलं; वर एक मुलूख आणि खाली एक मुलूख म्हणजे मधल्या डोंगराचंच नाव घाट असणार, असं त्यांनी धरलं. मला यात त्यांची फारशी चूक दिसत नाही. गलबतावर उभं राहून पूर्वेकडं बघा. वाट दिसत नाही. पाऊलवाट फूट-दोन फूट रुंदीची, ती झाडीत लपलेली. दिसते ती निळी सलग भिंत. जो माल घेऊन बंदरावर थांबणार आहे, वर चढणारच नाही, त्याला भिंतीचं नाव हवं असतं.

पण समुद्रातून आलेले सगळेच बंदरावर थांबले नव्हते. जुन्नरच्या लेण्यांत तीन दानलेख यवनांचे आहेत : इरिल, चिट आणि चंद. इरिलानं पाण्याच्या दोन पोढी खोदून दिल्या, चिटानं भोजनमंडप, चंदानं लेण्याचं दर्शनी काम. माणसं परकी, पण लेख प्राकृतात, ब्राह्मी लिपीत, शेजारच्या वाण्याच्या किंवा सुताराच्या लेखासारखेच. कल्याणच्या किंवा सोपाऱ्याच्या बंदरात उतरून ते नाणेघाटानं वर आले असावेत. कोकणातून जुन्नरला आणि पुढं पैठणला जायचा तो राजरस्ता होता. इथं पाण्याचं टाकं खोदून देणाऱ्या माणसाला चढणीनंतरची तहान ठाऊक असणार. ती मुलगी या लेखांपाशी बराच वेळ रेंगाळली होती. परक्या भाषेत आपलं नाव कसं लिहावं हा प्रश्न तिलाही रोजचाच आहे. पुण्यातल्या तिच्या ओळखपत्रावर तिचं नाव देवनागरीत असं काही उतरलं आहे की तिच्या आईला ते ओळखू येणार नाही.

नाणेघाटात गेलात तर नामांबद्दलची आणखी एक गोष्ट दिसते. खिंडीच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीचा म्हणून दाखवतात. थोडं खाली उतरलं की लेणं. त्याच्या भिंतींवर सातवाहनांची राणी नागणिका हिचा लेख आहे : यज्ञ, गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नाण्यांचे आकडे. एका ठिकाणी 24,400 कार्षापण. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात या आकड्यांची गणना होते. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव कोरलेलं : सिमुक सातवाहन, देवी नागणिका आणि राजा सातकर्णी, कुमार, एक महारठी. मूर्ती गेल्या. पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. नावं मात्र जागच्या जागी आहेत, खाली कोणी नसताना.

आंबेगाव तालुक्याचंही तेच. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगाव घोडनदीवरच्या डिंभे धरणात गेलं. कचेरी घोडेगावात, बाजार मंचरला, आणि तालुक्याचं नाव पाण्याखालच्या गावाचं. सातबाऱ्यावर, दाखल्यावर, निवडणुकीच्या यादीत रोज लिहिलं जातं. जुनी माणसं 'आंबेगावला' म्हणताना हात धरणाकडं करतात, नवी मुलं तहसीलदाराच्या कचेरीकडं.

तसा मराठीत घाट एकच नाही. कुंभार मडक्याला घाट देतो. समीक्षक कादंबरीच्या घाटाबद्दल लिहितात आणि त्यावर दिवाळी अंकाची पानं भरतात. कोणी लग्नाचा घाट घालतो, कोणी शाळा काढायचा. छत्रपती संभाजीनगरात रिक्षावाल्याला 'घाटी' म्हटलं की तो सरळ सरकारी दवाखान्यापाशी नेऊन सोडतो. मुंबईत मात्र हाच शब्द दुसऱ्या तोंडानं येतो. घाटावरून आलेला तो घाटी; आधी नुसती ओळख, मग हिणवणं. मुंबईचे डबेवाले प्रामुख्यानं खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ इथले. 1890च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी ते काम सुरू केलं, तेव्हापासून आमच्याकडच्या कितीतरी घरांची चूल त्या डब्यांवर चालली. ज्या घरांतून डबा उचलायचा, त्याच घरांच्या जिन्यात 'घाटी' हा शब्द कानावर यायचा. आमच्या भावकीतले एक आजोबा चर्चगेटला डबे वाहायचे. ते म्हणत, "घाटी तर घाटी. ते घाटावर आले का कधी? आपण दोन्हीकडचे." मला हे उत्तर फार आवडतं. त्यात राग नाही, हिशेब आहे.

हेच डबेवाले चैत्रात आठवडाभर रजा टाकून गावच्या यात्रेला येतात. तेव्हा आमच्याकडं 'घाटात चाललो' म्हणजे माळशेजला चाललो असं कोणी समजत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेडमध्ये बैलगाडा पळतो त्या चढाच्या धावपट्टीलाच घाट म्हणतात. खाली गाडा जुंपायचा, चार बैल, पुढं घोडी, गाड्यावर माणूस नाही. निशाण पडलं की 'भिर्रर्र' असा ओरडा होतो आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच गाडा वर. सगळा खेळ बारा-तेरा सेकंदांचा. त्या सेकंदांसाठी लोक वर्षभर बैलाला खुराक घालतात. एका गाड्याची ती एक बारी. सगळ्यांत कमी सेकंदांत चढला तो 'घाटाचा राजा'. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं शर्यती थांबल्या, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा उचलून धरला. बैलांच्या हालाचा प्रश्न खोटा नव्हता. शेपूट चावणारी माणसं मी स्वतः बघितली आहेत आणि त्यांचा कळवळा मला येत नाही. पण मधल्या वर्षांत गावोगावचे घाट गवतानं भरले होते, तेही बघितलं आहे. चढायला कोणी नाही तर घाटाचं साधं कुरण होतं.

याचा अर्थ 'पश्चिम घाट' म्हणूच नये असा माझा हट्ट नाही. आपणही ते नाव परत घेतलंच आहे. युनेस्कोनं 2012 साली जागतिक वारसा म्हणून मान दिला तो याच नावाला. माझ्या भाच्याच्या भूगोलाच्या पुस्तकात 'सह्याद्री अर्थात पश्चिम घाट' असं आहे, आणि घाटमाथ्यावरच्या आश्रमशाळेतली मुलंही तेच पाठ करतात, ज्यांच्या घरामागून खरा घाट उतरतो. शब्द परदेशी जाऊन आला की घरच्यांना जरा मोठा वाटतो. पण काही ठिकाणी तो माझ्या तोंडातून निघत नाही. 30 जुलै 2014 रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं. 151 माणसं. दुसऱ्या दिवशी इंग्रजी बातम्यांत 'वेस्टर्न घाट्स' होते, आणि भूगोल म्हणून ते बरोबरच होतं. तरी जे वरून आलं आणि गाव घेऊन गेलं त्याला मला घाट म्हणवत नाही. तो डोंगर. घाट माणसानं पायानं घडवलेला असतो.

चिनी यात्रेकरू ह्युएन त्सांग सातव्या शतकात पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला. आपल्या मुलखाचं नाव त्यानं चिनी अक्षरांत उतरवलं ते 'मो-हो-ला-चा'. संस्कृत ग्रंथ चिनीत नेताना कुठले शब्द भाषांतर न करता आवाजानंच न्यावेत, याचे पाच नियम त्याच्या नावावर सांगितले जातात. त्यांतला एक असा की ज्या शब्दाला अनेक अर्थ आहेत तो तसाच ठेवावा. एक अर्थ निवडला की बाकीचे मरतात. दुसरा असा की जी वस्तू आपल्या देशात नाहीच तिचं नावही तसंच ठेवावं. हे मला त्या मुलीनंच सांगितलं, परतताना, ओतूरला चहा पिताना. वहीत तिनं शेवटी 'घाट' देवनागरीत लिहिला होता. 'ट'चा पाय जरा लांबला होता. त्यापुढं चिनीत एक ओळ होती, तिचा अर्थ काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "जिथून वरची माणसं खाली जातात आणि खालची वर येतात. वाक्य अजून सुचलं नाही. एकदा उतरून बघते, मग लिहीन."

माझी तुम्हालाही तेवढीच विनंती आहे. जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाटापर्यंत आता गाडी जाते. पावसाळ्यात तिथं उलटा उडणारा धबधबा बघायला ही गर्दी लोटते. माणसं कड्यावर उभी राहतात, फोटो काढतात आणि आल्या वाटेनं परत जातात. गलबतांवरचे परके खाली समुद्रात उभे होते, ही वर उभी असतात, एवढाच फरक. पावसात दगड शेवाळतात, तेव्हा उतरू नका. दिवाळीनंतर जा, सकाळी लवकर निघा, पाणी बरोबर घ्या आणि वैशाखऱ्यापर्यंत खाली उतरा. खाली हमरस्त्यावर कल्याणची एसटी मिळते. जमलं तर ती चुकवा आणि पुन्हा चढून वर या.